कुहीत समुद्र राखायचा तर

नागपूर जिल्ह्यातल्या कुहीहून कुठल्याही दिशेला निघा, पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही. त्यातल्या त्यात जवळचा किनारा आंध्रातला, काकीनाडा-विशाखापट्टणमकडचा. पाण्याची तशी इथे वाण नाही. तालुक्याच्या कडेला आंभोऱ्याला वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी या पाच नद्यांचा संगम आहे, आणि गोसीखुर्द धरणाचा फुगारा तिथवर येऊन पसरलेला असतो. पण हे सगळं पाणी गोडं, आणि मासळीही गोड्या पाण्यातली: रोहू, कतला, मरळ, झिंगे.

अशा गावात कुणी बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याचा, प्रवाळाचा टँक ठेवायचं मनावर घेतलं तर त्याला काय काय करावं लागेल, हा विषय संपादकांनी दिला. देताना त्यांच्या आवाजात थोडी चेष्टा होती. मीही तो तसाच घेतला होता. पण वाचायला बसलो आणि एका यंत्रापाशी अडकलो. या लेखातली बरीचशी जागा ते यंत्र खाणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी इतिहास उरकून घेऊ. समुद्रापासून लांब राहून समुद्र घरात ठेवायची हौस जुनी आहे. 1854 मध्ये फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड अशी चार रसायनं पाण्यात विरघळवून कृत्रिम समुद्रजल केलं. लंडनकरांना दर वेळी किनाऱ्यावरून पिंपं भरून आणणं परवडत नव्हतं, हे त्यामागचं साधं कारण. आपल्याकडे सार्वजनिक पातळीवर हे काम मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाने केलं. 1951 मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते त्याचं उद्‌घाटन झालं. आठ लाखांच्या खर्चातले दोन लाख डी. बी. तारापोरवाला यांच्या देणगीतून आले होते. विदर्भातून मुंबई बघायला गेलेल्या कित्येक कुटुंबांनी जिवंत समुद्री मासा पहिल्यांदा पाहिला तो तिथल्याच काचेआड. 2015 मध्ये नूतनीकरण होऊन ते पुन्हा उघडलं, करोनाच्या टाळेबंदीत बंद झालं, आणि इमारतीच्या अवस्थेमुळे नंतरही बंदच राहिलं. या मत्स्यालयाच्या बाजूने एक गोष्ट मात्र कायम होती: समोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे अरबी समुद्र.

घरातला प्रवाळ हा त्यामानाने अलीकडचा उद्योग. 1961 मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी एका अमेरिकी मासिकात आपली पद्धत मांडली. समुद्रातून उचललेला, सूक्ष्मजीवांनी भरलेला सच्छिद्र दगड टँकमध्ये ठेवायचा, थोडी हवा सोडायची, भरपूर उजेड द्यायचा. बाकी काही नाही. लोकांना ते खरं वाटेना, कारण तोवर समज असा होता की जितकी गाळणी जास्त तितकं पाणी चांगलं. पुढे सत्तर-ऐंशीच्या दशकांत जर्मनीतल्या, विशेषतः बर्लिनच्या हौशी मंडळींनी याच जिवंत दगडाला प्रखर दिव्यांची आणि एका उभ्या नळकांड्याची जोड दिली. ते नळकांडं म्हणजे प्रोटीन स्किमर. मी अडकलो तो तिथे.

स्किमर दिसायला अगदीच सामान्य असतो. टँकच्या खाली, कपाटात, दुसरी एक लहान टाकी असते; तिला सम्प म्हणतात. वरचं पाणी नळीने खाली सम्पमध्ये उतरतं आणि पंपाने परत वर चढतं. या सम्पमध्ये हात-दीड हात उंचीचं प्लास्टिकचं नळकांडं उभं असतं, आणि त्याच्या डोक्यावर झाकणाचा एक पेला. खालच्या पंपाच्या पंख्याला पात्यांऐवजी सुयांसारखे बारीक दात असतात. पंप पाण्याबरोबर हवाही ओढतो, ते दात हवेचे तुकडे तुकडे करतात, आणि नळकांड्यात दुधासारखं पांढरं पाणी वर चढू लागतं. वर पोचेपर्यंत त्याचा फेस होतो. फेस हळूहळू गळ्यातून पेल्यात उतरतो आणि तिथे चहाच्या रंगाचं, कधी काळपट हिरवं, नाक मुरडायला लावणारं पाणी साठतं. दोन-तीन दिवसांनी पेला धुवायचा. एवढंच काम.

यात गाळणं कुठे आहे? कापड नाही, वाळू नाही, जाळी नाही. माशांची विष्ठा, उरलेलं खाद्य, प्रवाळाच्या अंगावरून सुटणारा बुळबुळीत स्राव यांतून जे सेंद्रिय पदार्थ पाण्यात विरघळतात, त्यांतल्या बऱ्याच रेणूंचं एक टोक पाण्याला धरून राहू बघतं आणि दुसरं पाण्यापासून पळू बघतं. पळणाऱ्या टोकाला हवेचा पृष्ठभाग मिळाला की रेणू तिथे जाऊन चिकटतो. बुडबुडा म्हणजे आयता पृष्ठभाग. बुडबुडे जितके लहान तितका त्यांचा एकूण पृष्ठभाग मोठा, म्हणून ते सुयांचे दात. हीच युक्ती आपल्या शेजारी बालाघाट जिल्ह्यातल्या मलांजखंडला तांब्याच्या खाणीवर मोठ्या प्रमाणावर वापरतात. तिथे खनिज बारीक दळून, रसायनं घालून, फेसावर चढवून वर काढतात. फरक इतकाच की खाणीत फेस हा माल असतो आणि घरच्या टँकमध्ये तो टाकाऊ.

या यंत्राची खरी गंमत पुढे आहे. हाच स्किमर कुहीच्या नळाच्या पाण्यात लावला तर तो जवळजवळ काहीच करत नाही. गोड्या पाण्यात दोन बुडबुडे एकमेकांना भेटले की एक होतात, मोठे होतात, भसकन वर येऊन फुटतात. लिटरमागे साधारण पाच-सात ग्रॅम मीठ पडलं की त्यांचं वागणं बदलतं. ते एकमेकांना घासून जातात पण मिसळत नाहीत, बारीकच राहतात आणि सावकाश वर चढतात. समुद्राच्या पाण्यात तर लिटरला पस्तीस ग्रॅमच्या आसपास क्षार, म्हणून किनाऱ्यावरच्या लाटेचा फेस पांढराशुभ्र आणि टिकाऊ. 1993 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्रेग, निनहॅम आणि पॅशली या तिघा शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या क्षारांवर हे तपासून पाहिलं. काही क्षार बुडबुड्यांना वेगळं ठेवतात, काही अजिबात ठेवत नाहीत, आणि कोणते ठेवतील याचा एक नियमही त्यांनी मांडला. पण नियमामागचं कारण अजून पुरतं उलगडलेलं नाही. जगभरातल्या लाखो घरांत हे नळकांडं दिवसरात्र घुरघुरतं आहे आणि ते ज्या गोष्टीवर चालतं ती विज्ञानाला अजून वाकुल्या दाखवते आहे. मला हे फार आवडलं.

यंत्र हट्टीही आहे. नवा स्किमर लावला की पहिले काही दिवस तो फेसच देत नाही. प्लास्टिकवर कारखान्यातलं तेलकट काही उरलेलं असतं, ते जाऊन आत जिवाणूंचा बुळबुळीत थर बसेपर्यंत थांबावं लागतं. सम्पमधलं पाणी दोन बोटं वर-खाली झालं की फेसाचं गणित बिघडतं. पाणी वर गेलं तर पेला पाण्याने भरतो, खाली गेलं तर फेस गळ्याशीच अडून राहतो. माशांना खायला घातलं की तो तासभर रुसतो. आणि तेलाचा त्याला सक्त तिटकारा. टँकमध्ये नुसता हात घातला तरी कातडीवरच्या तेलाने फेस बसतो. सावजीचं मटण खाऊन, तर्रीचा हात नुसता पाण्याने धुऊन कुणी टँकमधला दगड हलवायला गेलं, तर स्किमर त्या दिवसापुरता संपला असं समजावं. नागपूर जिल्ह्यात ही सूचना यंत्राबरोबर छापूनच द्यायला हवी.

इतकं कौतुक केल्यावर एक थंड आकडाही सांगितला पाहिजे. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक केन फेल्डमन यांनी 2009 च्या सुमारास वेगवेगळे स्किमर मोजून पाहिले. पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण पाचवा ते तिसरा हिस्साच या यंत्राने निघतो, उरलेला फेसाला दादच देत नाही, असं त्यांच्या मोजमापांतून दिसलं. महागड्या आणि स्वस्त यंत्रांत फरक होता, पण किमतीत असतो तेवढा मुळीच नाही. स्किमरची कीर्ती त्याच्या कामापेक्षा मोठी आहे. तरीही कुणी तो काढून टाकत नाही, आणि यात शहाणपण आहे, कारण फेस काढण्याच्या निमित्ताने तो पाण्यात सतत हवा खेळवत असतो. ते का महत्त्वाचं, ते वीज गेल्यावर कळतं. त्याकडे येतोच.

खरा गाळणारा वेगळाच आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. अमोनियाचं विषारी रूप पाणी जितकं अल्कधर्मी तितकं जास्त. समुद्राच्या पाण्याचा पीएच 8.2 च्या आसपास, त्यामुळे तेवढाच अमोनिया साध्या उदासीन पाण्यापेक्षा इथे दहापटीहून अधिक घातक ठरतो. दगडांवर, काचेवर, वाळूच्या कणांवर बसलेले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात. सर्गेई विनोग्रादस्की यांनी 1890 मध्ये झुरिकला या जिवाणूंचा छडा लावला. नागपूरच्या पूर्वेला भांडेवाडीत शहराचं सांडपाणी शुद्ध होऊन कोराडीच्या वीजकेंद्राला जातं, तिथेही राबते ती हीच जिवाणूंची जातकुळी. नवा टँक भरल्यावर त्यांची वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. तोवर टँकमध्ये मासा सोडायचा नाही. नव्या हौशींचे बहुतेक मासे याच दिवसांत मरतात, आणि दोष दुकानदाराला जातो.

नायट्रेटच्या पुढचं काम दगडाच्या पोटात होतं. सच्छिद्र दगडाच्या आत प्राणवायू पोचत नाही, तिथले जिवाणू नायट्रेटमधलाच प्राणवायू वापरतात आणि नायट्रोजन वायूचे बुडबुडे हवेत सुटून जातात. ली चिन एंग यांचा दगड काय करत होता, ते असं नंतर समजलं. ही साखळी किती बारीक तोलाची असते याचा अंदाज एका तुलनेवरून यावा. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅम नायट्रेट भारतीय मानकाला चालतं. प्रवाळ बेटांभोवतीच्या समुद्रात ते एक मिलिग्रॅमच्या पाचव्या भागाहूनही कमी असतं. म्हणजे आपण ज्या विहिरीचं पाणी निर्धास्त पितो, त्याच पाण्यात मीठ कालवून टँक भरला तर पहिल्याच दिवशी तो शेवाळाच्या ताब्यात जाण्याची तयारी झाली. उलट, नायट्रेट शून्यावर आणून ठेवणंही घातक, कारण प्रवाळाच्या शरीरात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाला थोडं खत लागतंच. हे शहाणपण हौशी मंडळींना बरेच प्रवाळ गमावल्यावर आलं.

प्रवाळ दगड बनवतो, आणि त्यासाठी पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलतो. समुद्रात लिटरला 420 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. दोनशे लिटरच्या टँकमध्ये चार-पाच प्रवाळ जोमाने वाढू लागले की ते काही दिवसांत खाली येतं, आणि प्रत्येक 20 मिलिग्रॅम कॅल्शियममागे पाण्याची क्षारताही ठरलेल्या प्रमाणात उतरते. ही भरपाई करायची सर्वांत जुनी आणि मला सर्वांत पटलेली रीत जर्मन भाषक हौशींचे गुरू पीटर विल्केन्स यांनी रूढ केली: चुन्याची निवळी. शुद्ध विझवलेला चुना पाण्यात ढवळायचा, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी रात्री थेंबाथेंबाने सोडायचं. रात्री अशासाठी की अंधारात प्रकाशसंश्लेषण थांबतं, पाण्याचा पीएच घसरतो, आणि चुन्याची निवळी तो सावरते. लिटरभर पाण्यात जेमतेम पावणेदोन ग्रॅम चुना विरघळतो, त्यामुळे हात सैल सुटला तरी निवळी ठराविकपेक्षा जास्त कडक होत नाही. धोका असतो तो निवळी एकदम ओतण्याचा. पानवाल्याच्या डबीतला चुना मात्र इथे चालत नाही, त्यात काय काय असेल सांगता येत नाही.

आता कुही.

पहिलं पाणी. नळाचं असो की बोअरचं, ते आधी आरओतून काढावं लागेल, आणि आरओनंतर आणखी एका रेझिनच्या नळीतून, म्हणजे टीडीएसच्या पेनावर शून्य दिसेल. विदर्भात गावोगावी आरओचे जार पोचल्यापासून टीडीएस हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. फक्त पिण्याच्या पाण्याला शून्य टीडीएस नको असतो आणि प्रवाळाला तोच हवा. तांब्याच्या बाबतीत तर अंतर फारच मोठं आहे: माशांच्या खवल्यांवर पांढरे ठिपके पडणाऱ्या रोगावर तांब्याचं औषध चालतं, पण त्याच औषधाने प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी पटापट मरतात. तांब्याच्या हंड्यातलं पाणी आपल्याला पवित्र. टँकमध्ये ते जाऊ द्यायचं नाही.

दुसरं ऊन, आणि इथे कुहीचा खरा कस लागतो. प्रवाळाला 25 ते 27 अंश सेल्सिअस हवं. नेहमीच्या कमाल तापमानाहून समुद्र एखादा अंश वर जाऊन काही आठवडे तिथेच राहिला की प्रवाळ आपल्या अंगातलं शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. लक्षद्वीपला 1998, 2010, 2016 आणि 2024 मध्ये हे झालं. नागपूरला 23 मे 2013 रोजी पारा 47.9 अंशांवर गेला होता.

आश्चर्य असं की मे महिना हा टँकचा सर्वांत वाईट महिना नाही. पाण्यावरून पंखा सोडला की बाष्पीभवनाने पाणी थंड होतं. दोनशे लिटरच्या टँकमधून एक लिटर पाणी उडालं तर उरलेल्या पाण्याचं तापमान जवळपास तीन अंशांनी उतरू शकतं. मेमधली हवा इतकी कोरडी असते की 44 अंशांतही पंख्याखालचं पाणी तत्त्वतः तेवीस-चोवीसपर्यंत उतरू शकेल. खरी पंचाईत जुलैत. बाहेर तीसच अंश, सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात, पण हवेत ओल भरलेली, त्यामुळे पंखा कितीही फिरवला तरी पाणी अठ्ठावीसच्या खाली यायचं नाव घेत नाही, आणि दिवे-पंपांची उष्णता त्यावर आणखी दोन-तीन अंश चढवते. म्हणजे चिलर घेणं आलं. त्याहून चमत्कारिक घोळ घरातल्या कूलरचा. माणसांसाठी कूलर लावला की खोलीतली हवा दमट होते आणि टँकवरचा पंखा निकामी होत जातो. घरची माणसं आणि प्रवाळ एकाच कोरड्या हवेसाठी भांडतात.

आणि उडालेलं पाणी मीठ मागे ठेवून जातं. उन्हाळा संपताना कूलरच्या गवतावर जो पांढरा क्षार जमतो, तेच टँकमध्ये चालू असतं. फक्त तिथे तो क्षार पाण्यातच राहतो आणि पाणी खारट होत जातं. दिवसाला चार लिटर उडाले आणि तीन दिवस दुर्लक्ष झालं तर लिटरमागचे 35 ग्रॅम क्षार 37 च्या पुढे जातात. म्हणून उडालेल्याची भरपाई नेहमी गोड्या, शून्य टीडीएसच्या पाण्याने करायची. बरेच नवखे मिठाचंच पाणी घालत राहतात. सम्पमध्ये पातळी बघून आपोआप पाणी सोडणारा एक लहान पंप बसवतात. मेमध्ये तो स्किमरपेक्षाही मोलाचा. स्किमरची हवा ओढणारी नळी या कोरड्या दिवसांत मिठाने बुजते, ती व्हिनेगरने साफ करत राहायचं.

वीज गेली की सगळंच थांबतं. 27 अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरला आठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, खाऱ्या पाण्यात साडेसहाच्या आसपास. पंप बंद, स्किमर बंद, पृष्ठभाग स्थिर. मासे, प्रवाळ आणि ते सगळे जिवाणू मिळून उरलेला प्राणवायू संपवायला लागतात. टँकमध्ये किती दाटी आहे त्यावर काही तासांचा खेळ. इन्व्हर्टरवर निदान एक पंप आणि बॅटरीवरची हवेची मोटर ठेवायलाच हवी. उन्हाळ्यातल्या वादळाने तार तुटून वीज रात्रभर आली नाही, असं कुहीसारख्या तालुक्यात होतंच. तेव्हा आधी काय वाचवायचं ते ठरवून ठेवलेलं बरं.

इथपर्यंतच्या सगळ्या अडचणी पैशाने आणि चिकाटीने सुटणाऱ्या आहेत. पुढची तशी नाही. टँकमध्ये प्रवाळ ठेवायचा, पण तो आणायचा कुठून? 2001 मध्ये केंद्र सरकारने कठीण प्रवाळांचे सगळे प्रकार, काळा प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, फायर कोरल आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले. याच अनुसूचीत वाघ आहे. पहिल्या अनुसूचीतला जीव बाळगण्याच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या कडेच्या तालुक्यात वाघाचं कातडं सापडणं म्हणजे काय, ते लोकांना सांगावं लागत नाही. मालवणहून पिशवीत घालून आणलेला हिरवा प्रवाळ कायद्याला तेवढाच गंभीर वाटतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. समुद्रघोडेही त्याच यादीत आहेत. परदेशी कठीण प्रवाळ आणायचा तर वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स करारातले परवाने आणि आपल्याकडची आयातीची कागदपत्रं लागतात.

माझा स्वतःचा कल इथे कायद्याच्या बाजूने आहे. मन्नारच्या आखातात प्रवाळ खणून चुना भाजायला नेत असत, तो काळ फार जुना नाही. ज्या जिवंत दगडावर बर्लिनची सगळी पद्धत उभी राहिली, तोही कुठल्या तरी बेटाचाच तुकडा होता. मग कुहीतल्या माणसाला उरतं ते थोडं साधं: सच्छिद्र सिरॅमिकचा दगड, त्यावर महिना-दीड महिना जोपासलेले जिवाणू, आणि पैदास केंद्रात वाढवलेली क्लाउनफिशची जोडी. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा हा मासा बंदिस्त टाक्यांत वाढवणं केंद्रीय समुद्री मत्स्यसंशोधन संस्थेने साध्य केलं आहे, आणि ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही त्याची पैदास होते. समुद्रातून उचललेल्या माशापेक्षा हा टाकीत जन्मलेला मासा टँकमध्ये जास्त निवांत राहतो. प्रवाळ नसला की पाण्याचे सगळे निकषही बरेच सैल होतात, चुन्याची निवळी लागत नाही, जुलैचे दोन अंश सोसतात. स्किमर मात्र तितकाच घुरघुरतो.

मग राहतो मिठाचा हिशेब. दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचं म्हटलं तर वीस लिटर, म्हणजे पाऊण किलोच्या आसपास मिश्रक्षार. वर्षाला 38 किलो. हे खर्च म्हणून मी मोजत नाही. ते जुनं पाणी ओतायचं कुठे, हा प्रश्न आहे. मुंबईकर ते मोरीत ओततो आणि ते समुद्राकडे जातं. कुही-मांढळचा भाग मिरचीचा, सातऱ्यांवर बाया मिरचीचे देठ तोडायला बसतात तो. मिरचीच्या मुळाशी मातीतल्या पाण्याची विद्युतवाहकता मीटरला दीड डेसिसिमेन्सच्या पुढे गेली की उत्पन्न घटू लागतं. समुद्राच्या पाण्याची त्रेपन्नच्या घरात असते. परसात ओतलं तर आधी तुळस जाईल. पातळ करून सोडायचं तर वीस लिटरला हजार लिटर गोडं पाणी हवं, तेही मेमध्ये. नाल्यात सोडलं तर ते नदीत पोचणार, आणि नागपूरचं सांडपाणी नाग नदीवाटे कन्हानात आणि पुढे गोसीखुर्दच्या पाण्यात उतरतंच आहे. त्यात आपली भर कशाला?

उत्तर छतावर आहे. मीटरभर लांब-रुंद तसराळ्यासारखं प्लास्टिकचं भांडं गच्चीत ठेवायचं आणि त्यात ते वीस लिटर ओतायचे. मेच्या उन्हात दोन-तीन दिवसांत पाणी उडतं, तळाशी पाऊण किलो क्षार राहतो, तो पिशवीत भरून कोरडा ठेवता येतो. कुहीतलं पहिलं मिठागर. पावसाळ्यात हे जमत नाही. जून ते सप्टेंबर पाणी डब्यांत साठवून ऑक्टोबरच्या उन्हाची वाट पाहायची: सतरा आठवड्यांचे वीस-वीस लिटर, एकूण तीनशे चाळीस. काचेत दोनशे लिटर समुद्र, आणि जिन्याखाली त्याच्या दीडपटीहून जास्त.